बोर्गहिल्डचं दुसरं पाळणाघर

बोर्गहिल्ड कुजबुजली की आमच्या धक्क्यावर ऐकू येतं. आमचा धक्का आणि तिचं लांगहोल्म बेट यांच्यामध्ये पाऊण किलोमीटर समुद्र आहे, आणि तोही नॉर्वेच्या उत्तरेकडचा, म्हणजे गप्प बसणाऱ्यातला नव्हे. ती मोठ्यानं बोलते तेव्हा पलीकडच्या बेटावरची मेंढरं चरायची थांबतात.

दोष तिचा नाही. पस्तीस वर्षं तिनं आमच्या वेगा गावातलं पाळणाघर चालवलं. समोरून वारा, अंगणात अठरा पोरं, त्यांतली दोन कुंपणावर, अशा परिस्थितीत ज्या बाईला सगळ्यांना एका हाकेत आत आणायचं असतं तिचा गळा तसाच होणार. आमच्या गावात चाळिशीच्या आतल्या कुणाच्याही मागे जाऊन "टोपी!" एवढंच ओरडा. त्याचा हात आपोआप डोक्याकडे जातो. फेरीबोटीच्या कप्तानाचा जातो, पाद्रीबुवांचा तर प्रवचनाच्या मध्ये गेलेला मी पाहिलाय.

अशा बाईनं निवृत्त झाल्यावर कोणतं काम मागावं? तर आयडर बदकं सांभाळायचं. ज्या कामात शिंकायचीसुद्धा चोरी!

ही बदकं वर्षभर समुद्रावर असतात आणि वसंतात अंडी घालायला आमच्या बेटांवर येतात. आम्ही त्यांना घरं बांधून देतो. दगडाची, फळ्यांची, नाहीतर जुनी होडी उलटी घालून केलेली, आत वाळलेल्या समुद्रशेवाळाची गादी. मादी जवळजवळ महिनाभर अंड्यांवर बसते आणि स्वतःच्या छातीवरची मऊ पिसं उपटून भोवती रचते. पिल्लं घेऊन ती समुद्रावर गेली की ती पिसं आमची, त्यांची दुलई होते. आम्ही घर द्यायचं, राखण करायची, तिनं जाताना बिछाना ठेवून जायचं. हा करार कुणी लिहून ठेवलेला नाही, पण आमच्या पणज्यांपासून दोन्ही बाजूंनी पाळलाय.

नियम मात्र कडक. त्या दिवसांत बेटावर हातोडा वाजवायचा नाही, कुत्रं आणायचं नाही, दोरीवर कपडे फडफडू द्यायचे नाहीत. आणि राखण करणारीनं रोज त्याच वेळी, त्याच कपड्यांत फिरायचं. पक्षी माणूस ओळखत नाहीत, कोट ओळखतात, असं आमच्याकडे मानतात.

लांगहोल्मवर एक्केचाळीस वर्षं तो कोट पेट्रामावशीचा होता. बोर्गहिल्डची सख्खी मावशी, वय वर्षं शहाऐंशी, कोट तपकिरी. जानेवारीत मावशी बर्फावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिची रवानगी गावातल्या वृद्धाश्रमात झाली. तिथे खाटेवर बसून तिनं दरबार भरवला. मी टपाल बोटीनं नेतो-आणतो, त्यामुळे सगळीकडे हजर असतोच.

"बेट मला दे," मावशीचा मुलगा स्टुर्ला म्हणाला. हा पाहुण्यांना छोट्या होड्या भाड्यानं देतो. मनानं चांगला आहे, पण त्याला जिथे तिथे वाफेच्या अंघोळीची खोली दिसते. "दोन लाकडी खोल्या बांधतो, समुद्राकडे तोंड करून एक वाफघर. आई, पक्ष्यांचं आता कोण करणार?"

"मी करणार!" बोर्गहिल्ड म्हणाली. शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

"तू?" मावशीनं तिला खालून वर न्याहाळलं. "तुझा आवाज ऐकून पक्षी थेट आइसलँडला जातील गं."

"मी तोंडातून ब्रसुद्धा काढणार नाही, मावशी."

"हे तू सांगतेयस तेच भिंतीच्या पलीकडे ऐकू गेलंय." मावशीनं पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, "एक वसंत देते. जूनअखेरीस सांक्तहान्सच्या होळीला मी येऊन बघेन. पक्षी तुझ्याकडे राहिले तर बेट तुझं. नाही राहिले तर स्टुर्ला, तू तुझी वाफ काढ. कोट खुंटीवर आहे."

बोर्गहिल्डला ते बेट का हवं होतं, हे तिनं मला येताना बोटीत सांगितलं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी ती सवयीनं सकाळी साडेसहाला पाळणाघराच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली होती. नव्या बाईंनी तिला आत बोलावून कॉफी दिली. "पाहुणीसारखी कॉफी दिली रे, आर्न्ट," ती म्हणाली. "बशीसकट." त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

एप्रिलच्या सुरुवातीला ती बेटावर राहायला गेली. तेवीस घरं झाडली, शेवाळ वाळवून गाद्या भरल्या. पहिल्याच आठवड्यात तिनं बेटावरच्या यच्चयावत प्राण्यांना हुद्दे वाटून टाकले. लाल चोचीचा काळा-पांढरा पक्षी म्हणजे पहारेकरी, चोरापेक्षा जास्त आरडाओरडा करणारा. मोठा कुरव पक्षी म्हणजे वसुली अधिकारी, अंड्यावर डोळा. समुद्री गरुड म्हणजे वरचे साहेब, महिन्यातून एकदा पाहणीला येणार आणि येतील तेव्हा सगळे खाली माना घालून बसणार. आयडरचा नर म्हणजे नुसता नवरदेव, काळापांढरा सूट घालून मिरवणार आणि पहिलं अंडं पडलं की मित्रांबरोबर पसार. "आणि मावशा पण असतात," ती म्हणाली. "ज्यांना स्वतःची पिल्लं नसतात त्या दुसऱ्यांची सांभाळतात. आमच्याच खात्यातल्या."

सगळं छान चाललं होतं. मग तिनं खुंटीवरचा कोट काढला.

आता, पस्तीस वर्षं पोरांची शेंबडी स्वेटरं धुतलेल्या बाईच्या हातात असा कोट पडल्यावर काय होणार? तो कोट खुंटीवरून काढला तरी खुंटीच्याच आकारात उभा राहत होता. बोर्गहिल्डला वाटलं, नवं काम, मावशीचा मान, कोट कसा स्वच्छ हवा. तिनं हिरवा साबण लावून तीन पाण्यांत तो धुतला. दुसऱ्या दिवशी मी टपाल घेऊन गेलो तर घराच्या आत, चुलीसमोर, एक आभाळासारखा निळा कोट वाळत होता.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

बोर्गहिल्ड खुर्चीत बसली होती. "मावशीचा."

"मावशीचा कोट तपकिरी आहे."

"तपकिरी रंग बादलीत आहे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी पक्षी आले. बेटापासून थोड्या अंतरावर तरंगत राहिले, सगळ्यांच्या माना आमच्याकडे. बोर्गहिल्ड निळा कोट घालून ठरल्या वेळी, दहा वाजता, बाहेर पडली. माना एकाच वेळी वळल्या आणि अख्खी जमात शंभर हात मागे सरकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी स्टुर्ला आपल्या होडीतून हळूच जवळून गेला. हातात मोजपट्टी होती. लपवलेली, पण होती.

मग आम्ही शेजाऱ्यांनी ठरवलं की कोट पुन्हा मळवायचा. माझी बायको रांडी म्हणाली, आमच्या मेंढ्यांच्या गोठ्यात अंथरू या. दोन रात्री मेंढ्या त्याच्यावर झोपल्या. मी तो मासे धुरवायच्या खोपटात एक दिवस टांगला. म्हातारा इंगव्हार्ट स्वतःहून माशाच्या तेलाचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "कंजुषी करू नका." आम्ही केली नाही. रंग अगदी हुबेहूब जमला. स्वच्छ कपडा मळवण्याचा असा एकदिलानं झालेला कार्यक्रम आमच्या गावानं पूर्वी पाहिला नव्हता. सगळे समाधानानं हात पुसत होते.

बोर्गहिल्ड तो कोट घालून दारात आली आणि चाळीस कुरव आले.

त्यांना वाटलं असणार, मासळी स्वतः चालत बाहेर आली. ते तिच्या डोक्यावर घिरट्या घालू लागले, एक तर खांद्यावर बसला. अंडी चोरणारी सगळी टोळी जेवणाचं आमंत्रण मिळाल्यासारखी बेटावर जमली. आयडर बदकांनी हे पाहिलं आणि ती पार बाहेरच्या खडकांच्या पलीकडे निघून गेली. आता दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसत होते.

त्या दुपारी बोर्गहिल्डनं कोट पुन्हा धुतला. निळा झाला. ती पायरीवर बसली, हातात कॉफी, बशी न घेता. रांडीनं वॅफल आणि तपकिरी चीज पाठवलं होतं, तेही तसंच पडलेलं.

"मावशीचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी या कामाची नाही."

मला असल्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मी समोर दिसेल ते बोलतो. "बघ ती बदकं कशी लांबच थांबलीत," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी पोरं फाटकाशी आईचा हात धरून उभी राहतात ना, तशी."

बोर्गहिल्डचा कॉफीचा हात थांबला.

"आर्न्ट," ती म्हणाली, "नवं पोर दारात उभं राहिलं की त्याच्याकडे बघायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"पाठ फिरवून आपलं काम करत बसायचं. ये म्हणायचं नाही, जा म्हणायचं नाही. मी तीन दिवस त्यांच्याकडे टक लावून बघतेय! मीच पळाले असते." ती उठली. वॅफल एका घासात संपवलं. "मावशीच्या कोटाची सोंगं बंद. त्यांना माझीच सवय होऊ दे."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ती निळा कोट घालून बाहेर आली, घरांच्या मधोमध स्टूल ठेवलं आणि समुद्राकडे पाठ करून बटाटे सोलायला बसली. बारा वाजता उठून आत. रोज तेच. एकट्या बाईला इतके बटाटे कशाला, म्हणून उरलेले माझ्याकडे येत. आमच्याकडे मेच्या अर्ध्यापर्यंत बटाट्याशिवाय काही शिजलं नाही.

आणि ती बोलत होती. आम्ही धक्क्यावरून दुर्बिणीतून ओठ हललेले बघत होतो आणि काहीच ऐकू येत नव्हतं! इंगव्हार्टला वाटलं, तिची तब्येत बिघडली. मी टपाल द्यायला गेलो तेव्हा जवळून ऐकलं. ती पस्तीस वर्षांच्या पोरांची नावं म्हणत होती, एकेक, हळू, पांघरूण सारखं करावं तशी. हा तिचा दुपारी एक वाजताचा आवाज. अठरा पोरांना झोपवायचा. आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता, कारण तो ऐकणारे सगळे झोपून जात असत. मी स्वतः टपालाच्या पिशवीला टेकून पाच मिनिटं डुलकी काढली.

पाचव्या दिवशी एक तपकिरी मादी पाण्यातून वर आली. डुलत डुलत चालत ती बोर्गहिल्डच्या पाठीमागून गेली, उलट्या होडीखालच्या घरात डोकं घालून बघितलं, बाहेर आली, पुन्हा आत गेली आणि आतच राहिली. आम्ही आठ जण धक्क्यावर एकमेकांचे दंड धरून उभे होतो. बोर्गहिल्ड बटाटा सोलत होती. एकदाही वळली नाही.

"तुला कळलं तरी का?" मी संध्याकाळी विचारलं.

"पाठीला कळतं," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं पाठीनं बघितलंय मी. कोण कुणाच्या डोक्यात वाळू घालतंय, सगळं."

मेच्या अखेरीस अकरा घरं भरली. बोर्गहिल्ड सकाळी दहाला फेरी मारायची, प्रत्येकीच्या दारात वाकून एका वाजताच्या आवाजात चौकशी करायची. माझ्याशीही त्याच आवाजात बोलू लागली होती. मला आपण फार शहाणे झालोत असं वाटायला लागलं.

सांक्तहान्सच्या दिवशी मी पेट्रामावशीला बोटीत घेतलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं स्टुर्लाचा दंड. त्या सकाळी शेवटची मादी पिल्लं घेऊन पाण्यावर उतरली होती. बोर्गहिल्ड किनाऱ्यावर उभी होती, निळ्या कोटात, आणि घराच्या ओसरीवर अकरा घरांची पिसं पोत्यात भरलेली.

मावशीनं पोत्याकडे पाहिलं नाही. ती कोटाकडेच बघत राहिली. बोर्गहिल्डचा चेहरा आईची फुलदाणी फोडलेल्या पोरीसारखा झाला.

"मावशी, मी तो धुतला."

"दिसतंय." मावशीनं बाही हातात घेतली. "निळाच होता गं हा. आईनं शिवून दिला होता. मी पार विसरले होते." मग ती हसायला लागली. खुबा दुखला तरी थांबेना. "पहिल्या वर्षी मलाही तीन आठवडे कुणी विचारलं नव्हतं. मी इथे रडतेय आणि आई तिथे धक्क्यावर उभी राहून हसतेय!"

"मग हे मला आधी सांगायचंस की!"

"सांगितलं असतं तर तू त्याच्यावर बोलत बसली असतीस." मावशीनं बाहीची कड उलटून पाहिली. तिथे जराशी काळपट रेघ आली होती. "मळायला लागलाय. आता परत धुऊ नकोस. कधीच."

स्टुर्लानं एवढं ऐकलं आणि खिशातली मोजपट्टी आणखी खोल सारली. "वाफघर मग माझ्या धक्क्याशेजारीच बांधतो," तो म्हणाला.

"बांध. पण हातोडा आत्ता चालव," बोर्गहिल्ड म्हणाली, "पुढच्या एप्रिलच्या आत."

समोर पाण्यावर एक मादी चार आयांची एकवीस पिल्लं घेऊन चालली होती. स्वतःचं एकही नव्हतं. बोर्गहिल्डनं कपाळावर हात ठेवून मोजलं. "एकटीकडे एकवीस! पाळणाघराच्या नियमात बसत नाही हे." पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आपल्या खात्यातल्या बाईबद्दल असतो तो अभिमान होता. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, शेवटची दोन पिल्लं भलतीकडे भरकटली आणि वर एक वसुली अधिकारी घिरटी घालू लागला.

बेटावर आता एकही अंडं नव्हतं. एप्रिलपासूनचा नियम संपला होता. बोर्गहिल्डनं छातीत हवा भरली.

"टोपी!"

कुरवानं हवेतच दिशा बदलली. चाळिशी ओलांडलेल्या स्टुर्लाचासुद्धा हात डोक्यावर गेला. पलीकडच्या बेटावरची मेंढरं चरायची थांबली. आणि समुद्रावर एकवीसच्या एकवीस पिल्लं आपल्या बदकमावशीला चिकटली.

पेट्रामावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "पक्ष्यांना एवढं तरी शिकवलंय तिनं."