विहीर बघायला गेलो

हसणार नाही म्हणा, तर सांगतो. हसलात तरी सांगणारच म्हणा!

निजामाचं राज्य होतं. मी लातूरचा, शिकायला हैदराबादच्या कॉलेजात. मकाला, म्हणजे संशोधनाचा लेख, लिहायचा होता. मी ऐटीत विषय सांगितला, "सगळ्या रियासतीतलं पाणी!"

प्रोफेसरसाहेब कळवळले. "मियाँ, डूब जाओगे! जरा छोटा करो."

मी मराठवाड्यावर आलो. "और छोटा." औसा तालुक्यावर आलो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "एक बावली पकडो, बस!" बावली म्हणजे विहीर.

सुट्टीत मामा म्हणाले, "औशाला आपले दत्तोपंत हायेत. अंगणात जुनी विहीर हाय त्यांच्या. माझं नाव सांग."

गेलो. "मामांनी धाडलंय, बघायला आलोय," एवढंच बोललो. झालं! घरात धावपळ, माझ्यापुढं बेसनाचे लाडू. विद्येची काय ही कदर, मी भारावलोच!

दत्तोपंतांनी हळूच विचारलं, "आधी कुठं पाहिल्या का?"

"लई पाहिल्या. आता एकच धरायची हाय."

"आमची पसंत पडंल न्हवं?"

"पडंल की! मामा म्हणले, जुनी हाय."

"जुनी?" काकू दारातून कडाडल्या. "आत्ता कुठं विसावं लागलंय!"

"छे, दोनशे तरी असतील," मी म्हणालो. "दोरी आणलीय, मापही घेतो ना!"

तेवढ्यात आतून खुदकन हसू आलं आणि त्यांची लेक शांता बाहेर आली. "बाबा, हे विहिरीचं बोलून राहिलेत!"

दत्तोपंतांचा चेहरा असा उतरला, की मी हातातला लाडू खाली ठेवला. किती दिवस वाट बघत असेल तो बाप! शांतानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या की, बाबा. पाव्हण्याला विहीर तरी दाखवू."

दोरीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. विहीर किती रुंद निघाली? देव जाणे! मी बघत होतो कुठं?

घरी येऊन मामांना म्हणालो, "मामा, रीतसर बोलणी करा." दत्तोपंतांनी आधी लेकीला विचारलं. ती "हाव" म्हणाली.

कॉलेज उघडलं. साहेबांनी भर वर्गात विचारलं, "बावली देखी? पानी कैसा है?"

मी तंद्रीतच उभा राहिलो. "साहब, हँसती बहुत मीठा!"