‘चूक आमची’ म्हणणारे हमीदभाई

हमीदभाई कुणाच्याही घरी वॉशिंग मशीन बघायला गेले की आधी मशीनकडं बघायचेच नाहीत. बादली मागायचे. मशीनला पाणी देणारा नळ उघडून बादलीत पाणी धरायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उकिडवे बसायचे. घरातली माणसं कंटाळून आत जायची. बादली झटकन भरली तर दोष मशीनचा, रेंगाळली तर टाकीचा नाहीतर पाइपाचा. "पहले पानी कू पूछो मियाँ," ते मला म्हणायचे, "मशीन बिचारी बाद में बोलती."

मी पाचोडचा, आठवीतून शाळा सोडलेला. तिशी ओलांडल्यावर बायको-लेकरं घेऊन शहरात आलो आणि औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या दुकानात कामाला लागलो. मशीनवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, हे पहिल्याच दिवशी भीत भीत सांगून टाकलं. ते म्हणाले, "पानी कू कहाँ आती अंग्रेजी?" आज मस्कतमध्ये याच कामावर घर चालवतोय ते त्यांच्यामुळं. म्हणूनच पुढचं लिहायला हात धजत नाही.

आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं आणि येतं ते गाळ घेऊनच. पाइप मशीनला जिथं जोडतात तिथं एक बारीक जाळी असते. ती तुंबली की पाणी आत जात नाही, मशीन नुसती गुरगुरत बसते. हमीदभाई ती जाळी चिमट्यानं अलगद काढून दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायचे. एका काकूंची मशीन हमीदभाई आठवड्यापूर्वीच बघून आले होते; या खेपेला मी एकटाच गेलो होतो. घासताना जाळी फाटली. नवीन आणायला दुकानापर्यंत जायचा कंटाळा केला. फाटकी खिशात घातली, पाइप तसाच जोडला. पाणी असं धो धो आलं, की काकू म्हणाल्या, "याला म्हणतात हात."

चौथ्या दिवशी त्यांची गच्चीवरची टाकी कोरडी. पुढच्या पाण्याला अजून पाच दिवस होते. आम्ही दोघं गेलो तेव्हा काकू सुनेला बोलत होत्या, "नळ उघडा टाकून माहेरच्यांशी फोनवर बसली असशील." सून मान खाली घालून उभी होती. हमीदभाईंनी पाइप सोडवला, जाळीच्या जागी बोट फिरवलं. आत वाळू जाऊन व्हॉल्व्ह अडकला होता. मशीन बंद असली तरी पाणी आत येत होतं आणि गुपचूप गटारीत जात होतं. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मी पाना पुसत राहिलो.

"बाई, सुनेला बोलू नका," ते म्हणाले. "चूक आमची हाय. जाळी ऱ्हायली."

जाळी आधीच्या खेपेला त्यांच्याकडूनच राहिली असं समजून काकूंनी त्यांनाच धरलं. "वय झालं तुमचं, हमीदभाई. तुमच्या हाताखाली काम शिकून हे बरं करतात. पुढच्या वेळी यांनाच पाठवा." हे म्हणजे मी. हमीदभाई "बराबर हाय" म्हणाले, व्हॉल्व्ह बदलला आणि स्वतःच्या घरचं पाणी कॅनमध्ये भरून रिक्षानं त्यांच्याकडं पोचवलं. त्यानंतर त्या गल्लीत त्यांना कुणी बोलावलं नाही. मलाच बोलवायचे.

महिन्यानं काकूंचा पुन्हा निरोप आला. मी निघालो तेव्हा हमीदभाई म्हणाले, "मेरे कू कुछ नको बोल. उनके सामने बोलके आ, जाली किसने निकाली. हलका हो जाता आदमी."

मी गेलो. काम केलं, सुनेनं दिलेला चहा प्यालो. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा चहाच चांगला झालाय म्हणालो. गल्लीतली कामं जातील, लोक मला दारात उभं करणार नाहीत, असलं काय काय मनात आलं. परत आलो तर ते दुकानाच्या पायरीवर उभे होते.

"बोलके आया?"

"व्हय, बोललो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अब हुआ तू मेकॅनिक."

गेल्या वर्षी ते वारले. मातीलासुद्धा मला जाता आलं नाही. मस्कतची ही नोकरी त्यांनीच लावून दिली. इथल्या मालकाशी ते फोनवर बोलले तेव्हा मी समोरच उभा होतो. "काम तो सब करते, सेठ," ते माझ्याकडं बघून हसत म्हणाले, "ये आदमी झूठ नहीं बोलता."

मी हसून मान डोलावली.