सीट काढून नेणारे बाळारामकाका

बँकेत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर सायकलची सीट होती. नुसती सीट. नातू झोपवावा तसे दोन्ही हात तिच्यावर ठेवून ते नंबर यायची वाट पाहत होते. मी बराच वेळ धीर धरला आणि मग विचारलंच.

"सायकल भायेर हाय," ते म्हणाले. "बिनसीटची सायकल कोन नेल? चोराला पन बसाया लागतं."

हे बाळारामकाका. करंजाड्यात आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचे, हे मला तिथंच कळलं. सदऱ्याच्या खिशात कायम पाना. लग्नात सीट, बारशाला सीट. एका लग्नात फोटोग्राफर म्हणाला, "काका, ते जरा बाजूला ठेवा." काका म्हणाले, "मंग फोटो ऱ्हाऊ दे."

माझं कुलूप बघून त्यांना माझी कीव आली. "नुसत्या चाकाला लावलास? मंग चाकच वाचल. साखळी दांडीतून घाल, खांबाला आवळ."

एवढा जीव का, हे मला उशिरा कळलं. शेतं विमानतळात गेली, मुलानं मोठी गाडी घेतली. सायकल मात्र काकांनी तरुणपणी मिठागरात राबून घेतलेली. रोज सकाळी ते तिच्यावरून उलव्याला जात आणि विमानतळाच्या कुंपणाच्या पत्र्यांपलीकडे जिथं आपलं शेत होतं, तिकडे बघत उभे राहत. मुलगा म्हणे, "बाबा, गाडीत बसा ना." काका मला म्हणत, "गाडीत मी सामान. सायकलवर मानूस."

आणि ती सायकल गेली. पनवेलच्या भाजीबाजारातून, साखळी कापून. काका एका हातात सीट, दुसऱ्या हातात फ्लॉवर घेऊन चालत आले. "मेला चोर, घरशी सीट घेऊन आलता," एवढंच बोलले. मुलाला वाईट वाटलं, पण फार नाही. उलवं बंद झालं. काका गॅलरीत बसू लागले.

महिन्याभरानं आम्ही दोघं चहाच्या टपरीशी उभे होतो. काकांनी एकदम एका निळ्या सायकलचं हँडल धरलं. "ही माजी." त्यांची सायकल तर काळी होती. तेवढ्यात चहाचा ग्लास ठेवून एक माणूस पुढे आला. सोमा, मागच्या झोपड्यांतला, उलव्याला बांधकामावर जाणारा.

"बाबा, भंगारवाल्याकडून इकत घेतलीय मी."

मी पोलिसांना फोन लावायला मोबाईल काढला. दुसऱ्याच्या भांडणात मी फार शूर असतो.

"डाव्या मुठीत चिठ्ठी हाय माजी," काका म्हणाले. "सायकल नवी घेतली तवा गुरुजींनी लिवून दिलती. काढ."

सोमानं रबरी मूठ ओढली. नळीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पिवळा कागद निघाला. काकांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून सोमानंच अक्षर लावत वाचलं.

"ही सायकल बाळारामची आहे. अडचण असेल त्याने विचारून न्यावी."

 काका माझ्याकडे वळून, जणू खुलासा करावा तसे म्हणाले, "तवा गावात तीनच सायकली. कोनाची बायको अडली, कोनाला डाक्तर आनाचा. इचारून न्यायची रीत होती."

सोमानं कागदाची घडी केली. "बाबा, सातला हजेरी असते. साइटचा टेम्पो संध्याकाळी सोडतो, सकाळचा न्हेत नाय. चालत गेलो तं माझ्या जागी दुसरा घेतात." त्यानं घडी काकांपुढे धरली. "मंग आता इचारतो. नेऊ का?"

मी मोबाईल खिशात टाकला.  काकांनी निळ्या रंगावर नख घासलं, खालचा काळा दिसेपर्यंत.

"ने," ते म्हणाले. "पन मना मागं बसव."

पुढं दोन वर्षं, काका जाईपर्यंत, सहाच्या सुमारास आमच्या फाटकातून ही वरात निघे. सोमा पेडल मारी, काका कॅरिअरवर बसून रस्ता सांगत. सोमा साइटवर उतरला की काका शेताकडे बघून सायकलवरून एकटे परत येत. एकदा मुलानं वरून विचारलं, "बाबा, तुमचीच सायकल आणि मागे बसता?"

"मंग तू चालव," काका म्हणाले.