गच्च भरलेली रिकामी जीप

आमच्या घरी जीप एक आणि मालक चार: बाबा, आई, दादा आणि मी. मोखाड्याला सीट भरायच्या, जव्हारला सोडायच्या, एवढाच धंदा. पण हॉर्न कधी वाजवायचा यावरही घरात दोन मतं (कधी कधी चार!).

गेल्या वर्षी बाबांचे गुडघे धरले. म्हणाले, "उद्याच्या बाजाराला कारभार तुझा. जमलं तर चावी तुझी. मी तोंड उघडणार नाय!"

रिकाम्या जीपमध्ये कुणी चढत नाही. म्हणून आधी दोन आपलीच माणसं बसवायची, आणि गिऱ्हाईक जमलं की हळूच उतरवायची, ही आमची जुनी रीत. पण मोखाड्यात आम्हाला कोण ओळखत नाही? मी बायकोला आणि आत्याला बजावलं, "पदर तोंडावर ओढा. मी सांगेपर्यंत गप्प!" आणि बाजारात ‘जव्हार, जव्हार’ ओरडायला गेलो.

परत येतो तर जीप गच्च! दहा डोकी! टॉवेल, मफलर, पदर... एकाचंही तोंड दिसेना. धूळ फार असेल, मी म्हटलं. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात एक आजी आली. "जागा हाय का रं? पाच जणं हाव."

"दोनच होतील, आजी!"

"मंग नको." पाचही जणं पलीकडच्या जीपमध्ये बसली आणि ती सुटलीसुद्धा. जाऊ दे! आपली दोन उतरवू, दुसरी दोन बसवू. पण त्या पदरांत माझी बायको कुठली? मी दारातून कुजबुजलो, "चला, आपली माणसं उतरा."

दहाच्या दहा उतरली!

मी जीपमध्ये बघतो, माणसांकडे बघतो, पुन्हा जीपमध्ये बघतो. टॉवेलातून बाबा आणि काका निघाले. पदरातून आई, तिच्यासोबत मामा-मामी. वहिनी आणि तिचे दोन भाऊ दादानं आणलेले.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्यानं जमंल असं वाटलं नाय रे!"

"बाबा, तुम्ही तोंड उघडणार नव्हता!"

"उघडलं कुठं? बांधलं होतं!"

चावी आता आईकडे आहे, आणि खरं सांगतो, धंदा बरा चाललाय. मलाही तिनं काम दिलंय. दर बाजाराला टॉवेल गुंडाळून खिडकीशी बसतो. परवा तीच आजी शेजारी येऊन बसली.

"कुठं जायचं रं तुला?"

"कुठंच नाय, आजी," मी म्हटलं आणि उतरलो.