स्वराच्या आठवणींची काचपेटी

चहा आधी पिऊन घ्या, मग ऐका. मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका! कारण ही फजिती दुसऱ्या कुणाची न्हाई, माझी सोताची हाय.

मी केजला शाळेत कार्यानुभव शिकवतो. पुठ्ठा, कातर अन् डिंक यांच्यात हयात गेली माझी. मग लेकीच्या, आमच्या स्वराच्या, पहिल्या वाढदिवसाला बाजारातनं कायतरी आणणं मला शोभलं असतं का? तुम्हीच सांगा! ठरवलं, तिच्या तान्हेपणीच्या वस्तूंची काचपेटी करायची अन् भिंतीवर टांगायची. बायकोला, सुरेखाला, पत्ताच लागू द्यायचा न्हाई.

झालं! प्लायवूड कापलं, आतून लाल मखमल लावली. कपाटातलं पहिलं झबलं घेतलं, कुंची घेतली, मी सोता सोनेरी दोऱ्यात बांधून ठेवलेली जावळाची बट घेतली. शाई लावून पायांचे ठसे घेतले. पोरगी अशी वळवळली, की कागदापेक्षा माझ्या बनियनवरच जास्त पाय उमटले.

अन् मग सापडला खजिना! लेकराच्या औषधांच्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेला, वाळलेला, पीळ पडलेला एक तुकडा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नाळ! सुरेखानं जिवापाड जपलेली नाळ! मी ती बरोब्बर मधोमध चिकटवली अन् खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं, ‘आई आणि मी’.

वाढदिवसाला घर पाव्हण्यांनी भरलं. मी झोकात पडदा बाजूला सारला.

“अगं बाई, लई ग्वाड केलंय!” शेजारच्या काकूंनी तर काचेलाच हळदीकुंकू लावलं.

मग काय, मला चेवच आला की! “ह्या एवढ्याशा तुकड्यानं नऊ महिने माझी लेक जगवली,” मी बोटानं तुकडा दाखवत म्हणालो. समोरचे दोन बाप्ये रुमालानं डोळे पुसायला लागले, खोटं न्हाई सांगत! सुरेखा नुसती तोंड उघडं टाकून बघत होती. मला वाटलं, आनंदानं वाचा गेली.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. युसूफ वडगावच्या, मी त्यांना मामी म्हणतो. चष्मा नाकावर सरकवत पेटीपाशी गेल्या अन् ओरडल्या, “आगं बया! जावईबापू, ही हितं कावून लावली? मी सकाळधरनं घर पालथं घातलं की!”

“मामी, नाळ हाय ती.”

“कशाची नाळ? मुरडशेंग हाय! पोरीच्या पोटात मुरडा आलाय, तिला उगाळून द्यायचीय!”

रुमालवाल्यांनी रुमाल खिशात घातले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“मग नाळ कुठं हाय?” मी हळूच सुरेखाला विचारलं.

“पोरीच्या गळ्यात! त्या चांदीच्या ताईतात. तुमीच तर सोनाराकडनं करून आणला की तो!”

आता एवढ्यावर भागायचं ना? न्हाई! एक वस्तू खोटी निघाली म्हटल्यावर सगळं पाव्हणेमंडळ पंचनामा करायला काचेवर वाकलं.

“दाजी,” मेव्हणा म्हणाला, “आमच्या भाचीला दोन्ही पाय डावेच हायेत का?”

बघतो तर खरंच! दोन्ही ठशांचे अंगठे एकाच बाजूला. वळवळीच्या नादात एकाच पायाला दोनदा शाई लागलेली.

“अन् जावळात पांढरा केस कसा?” काकू काचेला नाक लावून बोलल्या. “एक वर्साच्या लेकराला?”

“जावळ तर मी पदरात झेलून नदीला सोडलं,” मामी म्हणाल्या. “हे कुणाचं?”

सुरेखानं कपाळावर हात मारला. “अवो, पोरीचं जावळ झाल्यावर त्याच पाटावर बसून तुमीबी कटिंग करून घेतली न्हवं? अन् मग खाली वाकून वाकून काय येचत होता?”

मेलो! म्हणजे मखमलीवर, सोनेरी दोऱ्यात बांधून ठेवलेली बट माझीच!

घर खदखदायला लागलं. स्वरासुद्धा टाळ्या पिटत होती. मी मुकाट्यानं पेचकस आणला अन् पेटी उघडायला लागलो, तर सुरेखानं हात धरला.

“मुरडशेंग तेवढी काढून आईला द्या. केस ऱ्हाऊ द्या.”

“कावून?”

तिनं एकदा माझ्या डोक्याकडं बघितलं अन् म्हणाली, “आता उरलेत किती? आठवण म्हणून ऱ्हाऊ द्या की!”