वरच्या हवेतला हादरा

सकाळी कुडव्यातल्या माझ्या घरासमोर मी जमीन मोजणीच्या मशीनची बॅग स्कूटीवर ठेवत होते, तेव्हा जमीन हलली. फाटकाची कडी वाजली, शेजारच्या दुकानातल्या बरण्या खणखणल्या आणि सगळं थांबलं. गल्लीतली माणसं बाहेर आली.

नवेगाव बांधहून आईचा फोन आला. ती तिथे एकटीच राहते.

"मी आंगनात बसून राहिली. घरात जात नाही."

आमगावची मोजणी पुढे ढकलून मी तिच्याकडे निघाले. पोचले तेव्हा शेजारची काकू मोबाइलवरचा मेसेज मोठ्यानं वाचत होती. शास्त्रज्ञांना म्हणे आकाशात खूण दिसली होती आणि संध्याकाळपर्यंत मोठा धक्का येणार होता.

"खरं होय का, बाई?" आईनं मला विचारलं.

मी उपग्रहांच्या सिग्नलवर जमिनी मोजते, म्हणून या गोष्टी थोड्या वाचलेल्या. मी सांगितलं, "मोठा भूकंप झाला का जमीन हवेले ढकलते. ते लाट वर जाते. हवा पातळ होत जाते तशी वाढते. लय वर विजेचा थर आहे, आठ-दहा मिनटात तो बी हलते. उपग्रहाचे सिग्नल त्याच्यातूनच येतात, म्हणून समजते. पण हे धक्क्याच्या नंतर. आपला धक्का तर बारका होता."

"आन् आधी?"

"आधी दिसते म्हणणारे आहेत. पक्कं कोणालेच सांगता येत नाही. सूर्यानं बी तो थर बिघडते."

"म्हणजे तुले बी मालूम नाही."

"नाही."

"मंग मशीन लाव. पाहू."

लावण्यात अर्थ नव्हता, हे मला माहीत होतं. तरी लावलं. मशीन कुठे ठेवलंय ती जागा पडद्यावर पक्की होईना. आकडे सरकतच राहिले. वर चिंचेच्या फांद्या होत्या, सिग्नल त्यांच्यातच अडत असणार. रोजच असं होतं. तरी मशीन उचलून मी तलावाच्या पाळीवर, मोकळ्यात नेलं. जागा पक्की झाली, पुन्हा सुटली, पुन्हा झाली.

आई माझ्या मागोमाग आली होती. ती पडद्याकडे बघतच नव्हती.

"काय म्हणते?"

"ठीक म्हणते."

"मंग तुयं तोंड असं काऊन झालं?"

मी मशीन बॅगेत भरायला लागले.

दुपार आम्ही अंगणातच काढली. ट्रक गेला तरी मी उठून उभी राहायची. संध्याकाळी काकूच्या मोबाइलवर तोच मेसेज पुन्हा आला, त्यात आता उद्याची वेळ होती. ते ऐकून आई एकदम उठली.

"रोज उद्या म्हनतील. मी काय रोज आंगनात रांधू?"

ती आत गेली. चूल पेटल्याचा वास आला. मीही गेले, पण पाट भिंतीपासून लांब सरकवला आणि दाराकडे तोंड करून जेवायला बसले.