‘ती.’मधलं टिंब

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तिथं पत्रांचे मायने घोकून घेतले होते, ते अजून डोक्यातून जात नाहीत. जन्म देणाऱ्या आईबापांना तीर्थरूप. काका, मामा, मावशी, सासूसासरे, बाकीच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. आखूड रूप मात्र दोन्हींचं एकच, ती. पुढे टिंब दिलं की झालं. मास्तर म्हणत, शंका असेल तिथं टिंब द्या, कुणी रागावणार नाही.

मी दुसरेपणावर दिलेली. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांची मुलगी सात वर्षांची होती. ती मला हाकच मारत नसे. भूक लागली की चुलीपाशी येऊन उभी राही. वेणी घालून हवी असली तर फणी माझ्यासमोर ठेवी. आई म्हण, असं मी कधी म्हटलं नाही. माझा तो स्वभाव नव्हे.

चौदाव्या वर्षी तिला म्हसळ्याला दिली. तिथून तिचं पहिलं कार्ड आलं, ‘ती. बाबा व ती. आई यांस शि. सा. नमस्कार.’ ह्यांनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं, तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई. मी दाराआड सुपाऱ्या सोलत होते, माझा हात थांबला. मग वाटलं, हे झालं वाचणाऱ्याचं. लिहिणारीच्या मनात कुठला शब्द असेल?

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, ती. म्हणजे नुसतं ‘ती’ असेल. घरात आलेली ती.” सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्यानंतर प्रत्येक कार्ड मी मागाहून उजेडात नेऊन पाही. चार वर्षं तेच टिंब.

पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. तिचा शेक, बाळाचं न्हाणं, धुणं, त्यात वाडीत सुपारी उतरलेली. दुपारपर्यंत माझी पाठ धरून येई. बसले की उठवत नसे. अशाच एका दुपारी मी बाळाला पायांवर घेऊन तेल लावत होते आणि ती मुरुडच्या मावशीला, तिच्या आईच्या सख्ख्या बहिणीला, कार्ड लिहीत होती.

“मावशीला पुरतं काय लिहायचं? तीर्थरूप की तीर्थस्वरूप?”

“तीर्थस्वरूप. तीर्थरूप फक्त जन्म देणाऱ्यांना.”

टाक थांबला. “मग तुम्हाला?”

तीर्थरूप लिही, एवढंच म्हणायचं होतं. पण मागून घेतलेल्या शब्दाला काय अर्थ, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी इतकी दमले होते की तोंडाला आलं ते बोलून गेले, “लिहितेस तेच बरं. शाई वाचते.”

ती हसली नाही. “मला वाटलं, तुम्ही सांगाल,” म्हणाली, आणि दौतीत टाक बुडवून तिनं मावशीलाही ती. लिहिलं.

त्यापुढे ती महिनाभर होती. रोज सकाळी मनात येई, आज सांगू. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि ओटी भरून तिला गाडीत बसवेपर्यंत माझ्यानं काही ते झालं नाही.